प्रोग्रॅमिंगची भाषा कशी निवडायची: आधी काम, मग जाहिराती, शेवटी भाषा

“पायथन शिकू की जावा?” असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. काम कोणतं करायचंय? आणि कोणत्या शहरात? बहुतेक वेळा दोन्हींची उत्तरं ठरलेली नसतात, क्लासची फी मात्र भरून झालेली असते. पुण्यात नव्याने पास झालेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेताना ही चूक मला वर्षानुवर्षं दिसते आहे. आधी भाषा निवडली जाते, मग तिला साजेसं काम शोधलं जातं, आणि ते मिळेना की सहा महिन्यांनी दुसरी भाषा सुरू होते. तीन भाषांची तोंडओळख झाली आहे, हात एकीतही बसलेला नाही, अशा अवस्थेत शेवटचं वर्ष उजाडतं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन टप्प्यांना मिळून साधारण तीन आठवडे लागतात. ते वाचवायला गेलेल्यांचं पुढे वर्ष जाताना मी पाहिलं आहे.

## तयारी: फी भरण्याआधी

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर चार उत्तरं लिहा. मुलाखती सुरू व्हायला किती महिने आहेत? कॉलेज, प्रवास आणि घरची कामं वजा जाता आठवड्याला खरोखर किती तास मिळतात? पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा हैदराबादला राहायला जाता येईल का? लॅपटॉपची रॅम किती?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो अडवतो. ४ जीबी रॅमवर सी, पायथन, जावास्क्रिप्ट शिकता येतं. अँड्रॉइड स्टुडिओ ८ जीबीवरही रखडतो. आयफोनची ॲप्स करायची तर मॅक लागतोच.

मुलाखतींना सहा महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर नवी भाषा धरू नका. जी थोडीफार येते तीच पक्की करा आणि दुसऱ्या टप्प्यातल्या जाहिराती तेवढ्या वाचा, म्हणजे त्या भाषेबरोबर काय लागतं ते कळेल.

इशारा: “शंभर टक्के नोकरीची हमी” देणाऱ्या क्लासची फी टप्पा ३ संपेपर्यंत भरू नका. तोवर लागणारं सगळं फुकट मिळतं. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, जावा, पायथन, लिनक्स यांचे धडे मराठी आवाजातही आहेत. इंग्रजीची धास्ती असेल तर तिथून सुरुवात करा.

## टप्पा १: काम ठरवा

भाषा हे हत्यार आहे, आणि सुताराचं हत्यार घेऊन गवंडीकाम होत नाही. म्हणून आधी काम.

बँका, विमा आणि मोठ्या उद्योगांच्या व्यवहारांमागची प्रणाली सांभाळायची असेल तर जावा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या वाटेने सी शार्प. वेबसाइटची लोकांना दिसणारी बाजू करायची असेल तर जावास्क्रिप्ट आणि लगोलग टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचंच, डेटाचे प्रकार तपासणारं रूप). आकडेवारीचं काम हवं असेल तर आधी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), मग पायथन. हा क्रम बरेच जण उलटा करतात आणि पहिल्याच मुलाखतीत अडकतात. अँड्रॉइडसाठी कोटलिन. गूगलने २०१९ पासून कोटलिनला पहिलं स्थान दिलं आहे, त्यामुळे जावातले जुने अँड्रॉइड धडे पाठ करत बसू नका. टेस्टिंग ऑटोमेशनला जावा किंवा पायथन चालतं. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवरचं कोबोल आणि सॅप या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरची भाषा एबॅप यांना काम आहे, पण ते फ्रेशरने पदरचे पैसे घालून शिकण्यापेक्षा कंपनीच्या प्रशिक्षणात शिकलेलं बरं.

एका वाटेबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण पुण्याभोवतीची मुलं ती पायाशी असून ओलांडून जातात. चाकण, तळेगाव, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाहनं आणि त्यांचे भाग बनतात. आजच्या गाडीत ब्रेक, इंजिन, एअरबॅग, दरवाजे यांना सांभाळणारे छोटे संगणक असतात आणि त्यांच्यातला कोड प्रामुख्याने सी मध्ये लिहिलेला असतो. इथे पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारी खूण) आणि बिटवरची कामं हातखंडा असावी लागतात. कॅन बसवर, म्हणजे हे छोटे संगणक जोडणाऱ्या तारांवर, संदेश कसा जातो ते माहीत हवं. मिस्रा सी नावाचे नियम पाळावे लागतात. प्रोग्रॅम चालू असताना मॅलॉक या फंक्शनने मेमरी मागू नका, असं कॉलेजात न शिकवलेलं बरंच काही त्यांत आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांचा अर्धा पाया तयार असतो. तरी कॉम्प्युटरच्या मित्रांचं बघून ती पायथनच्या डेटा सायन्स कोर्सला बसतात आणि तिथे संख्याशास्त्र कच्चं म्हणून मागे पडतात. हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

दोन कामांमध्ये मन अडकलं असेल तर दोन्हींना एकेक शनिवार-रविवार द्या. एका आठवड्यात साधं वेबपान करा, दुसऱ्यात हजारभर ओळींच्या फाइलमधून बेरजा काढा. कोड चालत नसतानाही कोणत्या कामाला चिकटून बसावंसं वाटलं, ते वहीत लिहा.

तपासा: “मला रोज अमुक काम करायचंय” हे वाक्य भाषेचं नाव न घेता लिहिता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: तीस जाहिराती वाचा

नोकरीच्या दोन-तीन साइट्स उघडा. शोधात भाषेचं नाव टाकू नका, कामाचं टाका. शहर तुमचं, अनुभव शून्य ते दोन वर्षं, जाहिरात गेल्या पंधरा दिवसांतली. अशा तीस जाहिराती पूर्ण वाचायच्या आणि वहीत चार रकाने करून खुणा करायच्या: भाषा, फ्रेमवर्क (भाषेवर उभारलेला तयार सांगाडा), डेटाबेस, इतर साधनं.

वाचायचं कसं, ते एका नमुन्यावर पाहू. “जावा ८ किंवा पुढे, स्प्रिंग बूट, रेस्ट एपीआय, एसक्यूएल, गिट. असल्यास उत्तम: अँग्युलर, डॉकर, एडब्ल्यूएस.” यात भाषा एकच आहे, जावा. स्प्रिंग बूट हे जावावर उभं असलेलं फ्रेमवर्क; जावा कच्चं असेल तर ते पाठ करूनही समजणार नाही. रेस्ट एपीआय ही दोन प्रणालींनी एकमेकींशी बोलायची पद्धत. एसक्यूएल आणि गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) इतक्या जाहिरातींत दिसतील की त्यांना वेगळा निर्णय लागत नाही, शिकायचेच. “असल्यास उत्तम” नंतरचं सगळं वेगळ्या रंगाने लिहा आणि सध्या विसरा. नेमकं हेच विसरलं जात नाही. नमुन्यातली जाहिरात वाचून डॉकरच्या कोर्सला बसणारे आणि जावाचा लूप लिहिताना अडखळणारे मी पाहिलेत.

वहीत भरताना तीन घोळ हमखास होतात. जावा आणि जावास्क्रिप्ट एकाच रकान्यात जातात. या दोन वेगळ्या भाषा आहेत, नावाखेरीज नातं नाही म्हटलं तरी चालेल. रिॲक्टला भाषा म्हणून मोजलं जातं. ती जावास्क्रिप्टमधली लायब्ररी आहे. आणि एकाच कन्सल्टन्सीने पाच वेळा टाकलेली जाहिरात पाच वेळा मोजली जाते.

आता खुणा मोजा. तीसपैकी वीस किंवा जास्त एका भाषेला असतील तर निवड झाली. दोन भाषांत जवळपास निम्मे-निम्मे विभागले असतील तर टप्पा ३ मध्ये निकाल लागेल. शोधून तीस जाहिरातीही भरत नसतील तर त्या शहरात त्या कामाला नवख्यांची मागणी तेवढी नाही. शहर बदलायचं की काम, हे आज ठरवणं सोपं आहे. दोन वर्षांनी ते जड जाईल.

इशारा: “नोंदणी शुल्क” किंवा “प्रशिक्षण अनामत” मागणारी जाहिरात मोजू नका आणि तिथे अर्जही करू नका. नोकरी देणारा पैसे मागत नाही.

इशारा: “जगातल्या टॉप टेन भाषा” अशा याद्यांवरून निवड करू नका. टिओबी या कंपनीचा भाषांच्या लोकप्रियतेचा निर्देशांक सर्च इंजिनांवर भाषेचं नाव किती सापडतं यावर बेतलेला असतो. तुमच्या शहरात फ्रेशरला किती जागा आहेत, हे त्यातून कळत नाही.

## टप्पा ३: एकच भाषा घ्या

बरोबरी झाली असेल तर या क्रमाने तोडा. तुमचा कोड आठवड्यातून एकदा वाचून चुका दाखवणारं माणूस कोणत्या भाषेत मिळतंय? सीनियर ताई, मामेभाऊ, कॉलेजातले एखादे सर, कुणीही चालेल. ते समान असेल तर कॉलेजच्या अभ्यासक्रमात असलेली भाषा घ्या, म्हणजे एकच अभ्यास दोन ठिकाणी कामी येतो. तरीही बरोबरी असेल तर नाणं उडवा आणि कामाला लागा.

कॅम्पसच्या ऑनलाइन चाचणीसाठी वेगळी भाषा शिकू नका. तिथे सहसा सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन यांपैकी काहीही निवडता येतं.

सी निवडणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. प्रयोगशाळेत अजून निळ्या पडद्याचं टर्बो सी असेल तर परीक्षेपुरतं ते वापरा, घरी जीसीसी हा आजचा कंपायलर घाला. टर्बो सी १६ बिटी जमान्यातलं आहे. त्यात ‘इंट’ (पूर्णांक साठवायचा प्रकार) दोन बाइटचा असतो, म्हणजे ३२,७६७ मध्ये १ मिळवला की उत्तर येतं उणे ३२,७६८. नेहमीच्या संगणकावर जीसीसीत तोच ‘इंट’ चार बाइटचा असतो आणि मर्यादा २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जाते. मुलाखतीत “इंट दोन बाइटचा” असं ठामपणे सांगणाऱ्या मुलाला त्याच्या प्रयोगशाळेनेच चुकीचं शिकवलेलं असतं, आणि त्याची किंमत तो भरतो.

धडे किती जुने आहेत तेही पाहा. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. व्हिडिओत ‘प्रिंट’ कंसाशिवाय लिहिलेलं दिसलं की तो बंद करा. जावाची १७ किंवा २१ आवृत्ती घ्या; जुने प्रकल्प ८ वर असले तरी तिकडे मागे जाणं अवघड नाही.

## टप्पा ४: एका हिशोबावर हात बसवा

इथे चार ते सहा महिने द्या. व्हिडिओ पाहून समजतं, पण येत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासून एकच ओळखीचा हिशोब हाती घ्या आणि शिकाल तसा तो वाढवत न्या. मी दूध संकलन केंद्राचा देतो, कारण ग्रामीण मुलांना तो घरचा असतो आणि शहरातल्यांना पाच मिनिटांत समजतो. शेतकऱ्याचं नाव, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर. दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल.

१. पहिल्यांदा एकाच नोंदीचं बिल. १२.४ लिटर, दर ३४.५० रुपये, उत्तर ४२७.८० आलं पाहिजे. आधी कागदावर करा, मग कोड लिहा.

२. मग अटी. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून मूळ दर, त्यापेक्षा कमी-जास्त झाला तर कपात किंवा वाढ. हे वेगळ्या फंक्शनमध्ये टाका.

३. मग अनेक नोंदी. यादी आणि नावानुसार बेरीज. जावात मॅप, पायथनमध्ये डिक्शनरी. एकच शेतकरी सकाळी आणि संध्याकाळी आला तर बेरीज एकत्र झाली पाहिजे.

४. मग फाइल. सीएसव्हीमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलमधून) वाचा, बिल दुसऱ्या फाइलमध्ये लिहा.

५. मग घाण डेटा. कुणी फॅट ३.५ च्या जागी ३५ टाकलंय, कुणाचं लिटर रिकामं आहे, एका नावात स्वल्पविराम आहे. प्रोग्रॅम कोसळता कामा नये, आणि चुकीची नोंद गुपचूप गिळताही कामा नये. कोणत्या ओळीत काय चुकलं ते त्याने सांगायला हवं.

पाचव्या पायरीशी खरं शिक्षण सुरू होतं, आणि बहुतेक जण चौथीवर थांबून फ्रेमवर्ककडे पळतात. पाचवीवर तीन आठवडे गेले तरी ते भरून पावतात, कारण नोकरीतलं रोजचं काम याच जातीचं असतं.

पैशांबाबत एक गोष्ट आत्ताच पाहून ठेवा. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा दोनच्या घातांच्या बेरजेत साठवतो, त्यामुळे ०.१ त्याला तंतोतंत साठवता येत नाही. एका बिलात हे दिसणार नाही. हजार नोंदींनंतर पैशांचा फरक पडू शकतो आणि केंद्रावर त्याचा जाब विचारला जातो. म्हणून रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात साठवा, किंवा पायथनचा डेसिमल, जावाचा बिगडेसिमल वापरा. मुलाखतीत हे कारणासकट सांगणारा उमेदवार माझ्या लक्षात राहतो.

एआयला कोड विचारायचा तर स्वतः एकदा लिहून झाल्यावर. आधी त्याच्याकडून लिहून घेतलं तर प्रकल्प उभा राहतो, पण “दर आजपासून बदलला, कुठे बदल करशील?” या प्रश्नाला बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही.

चूक दाखवणारा संदेश लाल अक्षरांत आला की घाबरून तो खिडकीसकट बंद करू नका. त्यातली ओळ क्रमांकाची जागा शोधा आणि संदेशाचा अर्थ मोठ्याने मराठीत सांगा. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

तपासा: कोरी फाइल उघडा, इंटरनेट बंद करा, दोन तासांत पायरी १ ते ४ पुन्हा लिहा. जमलं तरच फ्रेमवर्कला हात लावा.

## टप्पा ५: एसक्यूएल आणि गिट, बरोबरीने

हे नंतरसाठी ठेवू नका. तिसऱ्या महिन्यापासून दूध केंद्राच्या नोंदी डेटाबेसमध्ये टाका. शेतकरी एका टेबलात, संकलन दुसऱ्यात. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय इथवर सगळे पोचतात. पुढचा प्रश्न कसोटीचा आहे: गेल्या दहा दिवसांत एकदाही दूध न घातलेले शेतकरी कोण? दोन टेबलं जोडणाऱ्या साध्या जॉइनने ते सापडत नाहीत, कारण ज्यांची नोंदच नाही ते निकालात येतच नाहीत. लेफ्ट जॉइन करून (त्यात डावीकडचे सगळे शेतकरी राहतात) उजवीकडे नल, म्हणजे रिकामं, असलेल्या ओळी घ्याव्या लागतात. तारखेची अट मात्र जॉइनच्या ‘ऑन’मध्ये टाका. ती ‘व्हेअर’मध्ये गेली तर हवे ते शेतकरीच गळतात.

गिटमध्ये रोजचं काम रोज कमिट करा, म्हणजे नोंदवून ठेवा. डेटाबेसचा पासवर्ड चुकूनही गिटहबवर (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटवर) चढवू नका. नंतर पुसला तरी तो इतिहासात राहतो, तेव्हा तसं झालंच तर आधी पासवर्ड बदला.

## टप्पा ६: दुसरी भाषा केव्हा

टप्पा ४ ची तपासणी पार झाली आणि एक प्रकल्प पूर्ण झाला की. त्याआधी नाही. जावानंतर टाइपस्क्रिप्ट, म्हणजे समोरची बाजूही कळते. सी नंतर सी प्लस प्लस, आणि चाचणीच्या स्क्रिप्टसाठी पायथन. रस्ट आणि गो या दोन्ही भाषा चांगल्या आहेत, पण माझ्या मते पहिल्या नोकरीआधी त्यांना वेळ देऊ नये. मिळाल्यावर जरूर द्यावा.

शिकताना तोच दुधाचा हिशोब नव्या भाषेत लिहा. फरक लगेच टोचतात. ७ भागिले २ पायथनमध्ये ३.५ येतं, जावात दोन पूर्णांक असल्याने ३. उणे ७ ला २ ने पूर्णांकी भागलं तर पायथन उणे ४ देतं आणि जावा उणे ३. असे फरक वहीच्या मागच्या पानावर टिपत जा.

## टप्पा ७: रेझ्युमे

मागे एका मुलाखतीत एका मुलीच्या रेझ्युमेवर सात भाषा होत्या. मी म्हटलं, यातली तुला आवडेल ती घे आणि दिलेल्या वाक्यात कोणता शब्द किती वेळा आलाय ते मोजून दाखव. तिने सी मध्ये सुरुवात केली, मध्येच पायथनची डिक्शनरी आली, आणि छापायला जावाचं सिस्टम डॉट आउट. विचार अगदी बरोबर होता. एकाच भाषेला तिने ते महिने दिले असते तर तिची निवड नक्की झाली असती, असं मला आजही वाटतं.

म्हणून रेझ्युमेवर दोन ओळी करा. पहिलीत “सफाईने वापरते” किंवा “वापरतो” म्हणून एक भाषा आणि एसक्यूएल. दुसरीत “ओळख आहे” म्हणून उरलेल्या, दोनच. एचटीएमएल प्रोग्रॅमिंगच्या भाषांत लिहू नका. प्रकल्पाखाली त्यात सापडलेली एक खरी अडचण आणि ती कशी सोडवली ते लिहा. फॅट ३५ ची नोंद कशी पकडली, हे सांगण्याजोगं आहे.

तपासा: पहिल्या ओळीतल्या प्रत्येक शब्दावर वीस मिनिटं प्रश्न विचारले तर उत्तर देता येईल का? नसेल तर तो शब्द दुसऱ्या ओळीत न्या.

## सहा महिन्यांनी

पुन्हा तीस जाहिराती, तेच शोध, तेच चार रकाने. जुनं पान शेजारी ठेवून पाहा. भाषेचा रकाना सहसा हललेला नसतो, पण फ्रेमवर्क आणि साधनांचा हललेला असू शकतो. एखादी गोष्ट “असल्यास उत्तम”मधून “हवंच”मध्ये सरकली असेल, तर तिला पुढचे तीन महिने द्या.